ऑनलाइन लैंगिक गुन्ह्याचा आरोप : मोफत वकिलासाठी अर्ज, जामीन आणि न्यायालयीन प्रक्रिया

मोबाइल किंवा समाजमाध्यमांशी निगडित लैंगिक गुन्ह्यात आपले किंवा घरातल्या कोणाचे नाव आले की घाबरलेले कुटुंब सहसा दोन गोष्टी करते : फोनमधील सगळे पुसून टाकते आणि तक्रारदाराला फोन करून विनवणी करते. या दोन्ही गोष्टींमुळे बचावाची सर्वाधिक हानी होते. पुरावा नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि तक्रारदाराशी साधलेला संपर्क पुढे साक्षीदारावर दबाव म्हणून जामिनाच्या आड येतो. पोलिसांचे बोलावणे आल्यानंतर फोन आहे त्या स्थितीत राहू द्यावा आणि थेट वकिलाकडे जावे.

त्याआधी आरोप खरोखर नोंदला गेला आहे का, याची खात्री करावी. ‘तुम्ही अश्लील चित्रफीत पाहिली आहे, तुमच्या नावाचे वॉरंट निघाले आहे’ असे सांगून व्हिडिओ कॉलवर पैसे मागणाऱ्या टोळ्या सर्रास वावरत आहेत. ‘डिजिटल अटक’ नावाचा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही आणि कोणताही पोलीस अधिकारी फोनवरून जामिनाची रक्कम घेत नाही. असा फोन आल्यास १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी आणि संबंधित पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन चौकशी करावी.

गुन्हा खराच दाखल असेल, तर कलमे कोणती लावली आहेत यावर पुढचे जवळजवळ सर्व काही अवलंबून असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६७ खाली अश्लील मजकूर प्रसारित केल्यास पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा असून तो गुन्हा जामीनपात्र आहे. कलम ६७अ (उघड लैंगिक कृत्य दाखवणारा मजकूर) आणि ६७ब (बालकांविषयीचा असा मजकूर) यांत मात्र पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे व ते अजामीनपात्र आहेत. चोरून चित्रण करणे आणि पाठलाग, ज्यात इंटरनेटवरील पाळतही येते, हे न्याय संहितेच्या कलम ७७ आणि ७८ मध्ये आहेत. पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असल्यास २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो आणि खटला विशेष न्यायालयात चालतो. या कायद्याच्या कलम ३० नुसार गुन्ह्याचा हेतू गृहीत धरला जातो आणि तो नव्हता हे आरोपीला सिद्ध करावे लागते, म्हणून पोक्सोच्या प्रकरणात पहिल्या दिवसापासून वकील असणे अत्यावश्यक आहे.

लैंगिक गुन्ह्यांची प्रथम खबर (एफआयआर) पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकली जात नाही. तिची प्रमाणित प्रत मिळावी यासाठी आरोपीने किंवा त्याच्या प्रतिनिधीने पोलीस ठाण्यात लेखी अर्ज करावा. ती न्यायालयातूनही मिळते. ही प्रत नातेवाइकांच्या गटांत फिरवू नये, कारण पीडितेची ओळख उघड करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे.

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलीस अनेकदा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस देतात. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्या व्यक्तीला अटक करायची असल्यास पोलिसांना कारणे लेखी नोंदवावी लागतात. म्हणून नोटीस टाळणे स्वतःच्याच हिताविरुद्ध आहे. अटक झाल्यास चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले गेले पाहिजे. अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आता मोफत वकिलाविषयी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली प्रत्येक व्यक्ती पात्र आहे, मग तिचे उत्पन्न कितीही असो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. आरोप घृणास्पद आहे म्हणून ही मदत नाकारता येत नाही. किंबहुना ज्याच्या बाजूने कोणी उभे राहायला तयार नाही, त्याच्यासाठीच ही तरतूद आहे, असे मला मनापासून वाटते. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे द्यावा. कोठडीतील व्यक्ती तुरुंगातील विधी सहाय्य कक्षातून तो पाठवू शकते. अर्जासोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पात्रतेनुसार जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला अथवा उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र आणि प्रकरणाचे हाती असतील ते कागद जोडावेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नसल्यास अर्ज थांबवून ठेवू नये, कारण कायद्यानुसार उत्पन्नासाठी प्रतिज्ञापत्र सामान्यतः पुरेसे आहे. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय अपेक्षित असतो आणि फौजदारी प्रकरणे अनेक जिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालयातील (विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत बचाव कार्यालयातील) वकील चालवतात. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

जामिनासाठी वकालतनामा, आरोपीच्या राहत्या पत्त्याचा व नोकरी-शिक्षणाचा पुरावा, तसेच जामीनदाराचे आधार कार्ड, शिधापत्रिका आणि सातबारा, पगारपत्रक किंवा ऐपतीचा दाखला आधीच जमवून ठेवावा. अटकेची वाजवी भीती असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. पोक्सोच्या प्रकरणात बालकाच्या बाजूला सूचना देऊन त्यांचे म्हणणे ऐकले जाते, तेव्हा तारखेत काही दिवस जातात हे लक्षात ठेवावे. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र (चार्जशीट) आले नाही, तर जामीन हा हक्क बनतो. मात्र दोषारोपपत्र दाखल होण्याआधीच अर्ज केलेला असला पाहिजे.

बचावाचा खरा गाभा पुराव्यात असतो. फोन जप्त करताना पंचनामा व चित्रीकरण झाले का, फोन मोहोरबंद कधी झाला, त्याची हॅश किंमत (मजकूर बदलला की बदलणारी, त्या मजकुराची ओळख-संख्या) नोंदवली का आणि प्रयोगशाळेत तपासलेल्या प्रतीशी ती जुळते का, हे वकिलाने कागदोपत्री तपासायचे असते. इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागते. मूळ उपकरणच न्यायालयात सादर झालेले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या एका निवडणूक याचिकेतून आलेल्या प्रकरणात पक्के केले होते. आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) जोडणी कोणाच्या नावावर आहे एवढेच कळते, ती त्या क्षणी कोण वापरत होते हे कळत नाही; सामाईक वायफाय, दुसऱ्याच्या नावाचे सिमकार्ड किंवा हॅक झालेले खाते असा बचाव असेल, तर कामाच्या हजेरीची नोंद, सेवा पुरवठादाराची नोंद आणि खात्याच्या लॉगइनचा इतिहास लगेच मागवावा, कारण या नोंदी कायम जपल्या जात नाहीत. दोषारोपपत्रासोबत चित्रफितीची प्रत मागता येते का, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात दिले : मेमरी कार्डमधील मजकूर हा दस्तऐवज असून सामान्यतः त्याची प्रत द्यावी, पण पीडितेच्या खासगीपणाला धोका असल्यास आरोपी, त्याचा वकील आणि तज्ज्ञ यांना केवळ पाहणीची मुभा द्यावी. ही मर्यादा मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

पुरावा प्रथमदर्शनी अपुरा असेल तर दोषारोप निश्चित होण्यापूर्वी दोषमुक्तीचा, म्हणजे खटला न चालवता सोडून देण्याचा, अर्ज करता येतो. त्यानंतर साक्षी, उलटतपासणी, आरोपीचा जबाब आणि बचावाचे साक्षीदार असा क्रम असतो. पोक्सोमध्ये सुनावणी बंद दालनात होते आणि बालसाक्षीदाराला विचारायचे प्रश्न वकिलाने न्यायाधीशांकडे द्यायचे असतात.

आरोपी स्वतःच अठरा वर्षांखालील असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. तेथे जन्माचा दाखला किंवा शाळेचा दाखला हा सर्वांत महत्त्वाचा कागद ठरतो, आणि पालकांनी तो पहिल्याच दिवशी हजर करावा.

शिक्षा झाल्यास निकालाची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात तीस दिवसांत आणि सत्र किंवा विशेष न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात साठ दिवसांत अपील करावे लागते. त्यासाठीही मोफत वकिलाचा अर्ज करता येतो; उच्च न्यायालयातील अपिलासाठी तो उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे द्यावा.