फवारणीची विमाने उतरताना कलंडतात ती ओझ्यामुळे नव्हे

पिकांवर फवारणी करणारी विमाने उतरताना रसायनाच्या वजनाने कलंडतात, हा समज वर्षानुवर्षे चालत आला असला तरी तो वस्तुस्थितीला धरून नाही. एअर ट्रॅक्टर ८०२ या फवारणीच्या विमानाच्या टाकीत सुमारे ३,००० लिटर द्रावण मावते हे खरे. मात्र ते ओझे जाचते उड्डाण करताना. उतरण्याच्या वेळी टाकी बहुधा रिकामी असते, आणि आणीबाणीत उरलेला साठा तळाचा दरवाजा उघडून काही सेकंदांत सोडता येतो.

खरी अडचण चाकांच्या मांडणीत आहे. यांपैकी बहुतेक विमानांना दोन मुख्य चाके पुढे आणि एक छोटे चाक शेपटीखाली असते, त्यामुळे गुरुत्वमध्य, म्हणजे विमानाचे वजन जिथे एकवटते तो बिंदू, मुख्य चाकांच्या मागे येतो. जमिनीला टेकल्यावर आडव्या वाऱ्याने शेपूट जराशी बाजूला ढकलली, तरी मागचे वजन ते वळण वाढवतच नेते. त्यातच वेग उतरतो तसा शेपटीवरच्या सुकाणूला मिळणारा हवेचा जोर ओसरतो, म्हणजे नियंत्रणाची निकड असते नेमके तेव्हाच ते दुबळे पडते. मग विमान गर्रकन फिरते, बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा दांडाच मोडतो. घाबरून ब्रेक करकचून दाबले तर नाकावर उलटण्याची भीती वेगळीच. तरीही ही मांडणी टिकून आहे, कारण खडबडीत धावपट्टीवर ती तग धरते आणि पुढचा पंखा जमिनीपासून उंच राहतो.