पोहणं, व्यायाम, खेळ: दिव्यांगांचे अर्ज कुठे अडतात आणि कोणता कागद कसा मिळवायचा

महापालिकेचा जलतरण तलाव, बागेतली खुली व्यायामशाळा, तालुक्याचं क्रीडा संकुल ही सगळी ठिकाणं दिव्यांगांचीही आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम ३० खेळातल्या सहभागाबद्दलच आहे. शासनाने आणि क्रीडा संस्थांनी हा हक्क मान्य करायचा, सुविधा त्याप्रमाणे बदलायच्या आणि त्यासाठी पैसा बाजूला ठेवायचा, असं ते सांगतं. तरीही दर उन्हाळ्यात पोहण्याच्या बॅचेस सुरू झाल्या की आईवडील मुलांना घेऊन खिडकीवर जातात आणि परत येतात. त्यातल्या बहुतेकांची पात्रता पूर्ण असते. अडतो तो एखादा कागद, आणि तो लागणार हे त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं.

दिव्यांगत्वाचं कार्ड येईपर्यंत घरात बसून राहू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये व्यायामाच्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांगांसाठी पहिल्यांदाच वेगळी शिफारस केली: प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. म्हणजे इतरांना जेवढा सांगितलाय तेवढाच. फिजिओथेरपिस्टला विचारून घरी, अंगणात, बागेत आजपासून सुरुवात करता येते. त्याला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही.

यूडीआयडी कार्ड

सवलत, योजना, साधन किंवा स्पर्धा यांपैकी काहीही हवं असेल तर पहिल्यांदा हेच विचारतात. यूडीआयडी म्हणजे दिव्यांग व्यक्तीला केंद्र सरकारकडून मिळणारा ओळख क्रमांक आणि त्याचं कार्ड. अर्ज स्वावलंबन कार्ड या सरकारी पोर्टलवर करायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचारांचे जुने कागद एवढं लागतं. अर्ज भरून पावती छापून घ्या आणि निवडलेल्या रुग्णालयात दिव्यांग तपासणीच्या दिवशी जा. बहुतेक ठिकाणी या तपासणीचा वार ठरलेला असतो, तो आधी विचारून घ्या. सगळ्या प्रकारच्या तपासण्या सगळ्या रुग्णालयांत होत नाहीत. ऐकण्याची बेरा चाचणी किंवा बुद्ध्यांक चाचणी तिथे होते का, हेही त्याच वेळी विचारा. भाड्याची गाडी करून, मुलाला उचलून आणायचं आणि दारात ‘इथे होत नाही’ ऐकायचं, हे फार लोकांच्या वाट्याला आलंय.

अर्ज अडतात ते पुढच्या कारणांनी.

पोर्टल सुरुवातीलाच विचारतं, तुमच्याकडे आधीचं दिव्यांग प्रमाणपत्र आहे का? महाराष्ट्रात यूडीआयडीच्या आधी ‘एसएडीएम’ या संगणक प्रणालीतून प्रमाणपत्रं दिली जात. ती हजारो घरांत अजून आहेत. ते जुनं झालं, आता चालणार नाही, असं समजून लोक ‘नाही’ लिहितात आणि पहिल्यापासून तपासणीच्या रांगेत लागतात. जुनं प्रमाणपत्र असेल तर ‘आहे’ लिहा आणि ते दोन्ही बाजूंनी स्वच्छ स्कॅन करून जोडा.

दुसरं म्हणजे नाव. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, रुग्णालयाच्या केसपेपरवर नुसती आद्याक्षरं. लग्न झालेल्या मुलीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या. माणूस समोर बसलेला असताना नुसत्या नावाच्या क्रमावरून अर्ज परत करणं मला अजिबात पटत नाही, पण तसं होतं. म्हणून आधी आधार दुरुस्त करा आणि मग बाकी सगळं आधारप्रमाणे भरा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का तेही बघा, कारण ओटीपी त्यावरच येतो.

तिसरं, गाव आणि शहर. आधार गावचं आणि राहणं पुण्याला, मग गावी जायलाच हवं का? नियमानुसार अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो, किंवा दिव्यांगत्वासाठी जिथे उपचार चालू आहेत किंवा झालेत त्या सरकारी रुग्णालयात. तिथला केसपेपर सोबत ठेवा. मूल अठरा वर्षांखालचं असेल किंवा व्यक्ती स्वतः अर्ज करण्याच्या स्थितीत नसेल, तर पालकांना तिच्या वतीने अर्ज करता येतो.

चौथं, मुदत. प्रमाणपत्र कायमचं आहे की तात्पुरतं, हे त्यावरच छापलेलं असतं. लहान मुलांना बऱ्याचदा मुदतीचं मिळतं. घरी ते प्लास्टिकमध्ये घालून कपाटात जातं आणि थेट बॅचच्या अर्जाच्या वेळी निघतं, तेव्हा तारीख उलटून गेलेली असते. आत्ताच काढून वाचा.

प्रमाणपत्रावर लिहिलेल्या दिव्यांगत्वाच्या टक्क्यांबद्दलही मोठा गैरसमज आहे. बहुतेक योजना ४० टक्क्यांपासून पुढे लागू होतात, हे खरं. पण भेदभाव न होण्याचा आणि सार्वजनिक जागी वावरता येण्याचा हक्क ४० टक्क्यांच्या खालच्या व्यक्तीलाही तेवढाच आहे. ‘तुमचे ३५ टक्केच आहेत, तुम्हाला तलावात येता येणार नाही’ असं कुणी म्हणालं तर ते सपशेल चूक आहे.

‘पोहण्यास योग्य’ हा दाखला

सगळ्यात जास्त अर्ज इथे परत येतात, म्हणून यावर थोडं सविस्तर.

तलावाच्या अर्जात सगळ्यांनाच डॉक्टरांचा दाखला मागतात. इतरांना तो पाच मिनिटांत मिळतो. दिव्यांग मुलाला बघून मात्र डॉक्टर कचरतात, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची, असा त्यांचा विचार असतो. मग ते ‘रुग्णास सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर परिणाम होणारं दिव्यांगत्व) आहे’ एवढंच लिहून देतात. तलावाच्या कार्यालयाला त्यातून काहीच कळत नाही, आणि अर्ज बाजूला पडतो.

डॉक्टरांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. फिजिओथेरपिस्टचं पत्र आणि चालू औषधांची यादी घेऊन जा आणि साधारण असा मजकूर मागा: ‘यांना अमुक दिव्यांगत्व आहे. तपासणीनुसार पोहण्यास वैद्यकीय हरकत नाही. पाण्यात असताना एक प्रौढ मदतनीस सतत हाताच्या अंतरावर असावा. संसर्गजन्य त्वचारोग अथवा उघडी जखम नाही.’ खाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का आणि तारीख. नोंदणी क्रमांक नसेल तर दाखला हमखास परत येतो. यात डॉक्टरांवर अवाजवी भार पडत नाही, कारण अट स्पष्ट लिहिलेली असते. हे समजावून सांगितलं तर बरेच डॉक्टर लिहून देतात.

एक कळकळीची विनंती, प्रवेश मिळावा म्हणून काही लपवू नका. मुलाला फिट येत असतील तर शेवटची कधी आली ते डॉक्टरांना आणि जीवरक्षकाला, दोघांनाही सांगा. पाण्यात फिट आली तर वेळ फार थोडा असतो. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. त्याची तपासणी होईपर्यंत सूर मारणं आणि कोलांटउड्या नकोत. मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात मणक्याला इजा झालेल्यांचा रक्तदाब अचानक चढू शकतो. ज्यांना पायांत संवेदना नाही त्यांची कातडी तलावाच्या खडबडीत काठावर सोलून निघते आणि त्यांना कळतही नाही, म्हणून काठावर जाड टॉवेल अंथरा. गडचिरोली, नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या) मुलांना पुरेसं पाणी पीत, मध्ये मध्ये थांबत खेळू द्यावं. दमछाक होईपर्यंत पळायला लावू नये, आणि त्यांच्या दाखल्यात हे लिहून घ्यावं. हिमोफिलियात, म्हणजे रक्त लवकर न गोठण्याच्या आजारात, मार लागणारे खेळ टाळायचे असतात, पोहणं मात्र सहसा चांगलं चालतं.

आणि कुणी म्हणालंच की ‘असे लोक कसे पोहणार’, तर त्यांना मुरलीकांत पेटकरांचं नाव सांगा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेला सांगली जिल्ह्यातला हा जवान १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक जिंकला. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण.

मदतनिसाचा अर्ज

याचा रकाना छापील अर्जात बहुधा नसतोच. चौदा वर्षांच्या मुलाला कपडे बदलायला, पाण्यात उतरायला आईच मदत करत असेल, तर पुरुषांच्या बॅचला आईला प्रवेश नाही आणि महिलांच्या बॅचला मुलाला नाही. अर्ज घेणाऱ्याने हा प्रश्न आधी कधी पाहिलेला नसतो, म्हणून तो ‘नियमात बसत नाही’ म्हणतो. सोबत वेगळा साधा अर्ज जोडा. मदतनिसाचं नाव, नातं, ओळखपत्राची प्रत, मदतनीस स्वतः पोहणार नसल्याने त्याचं शुल्क आकारू नये ही विनंती, आणि कुटुंबांची बॅच किंवा कमी गर्दीची वेळ मिळावी ही मागणी त्यात लिहा. कपडे बदलायला एखादी स्वतंत्र खोली मागा, प्रथमोपचाराची खोलीसुद्धा चालते. कायद्यात याला वाजवी सोय म्हणतात. संस्थेवर बेसुमार बोजा पडत नसेल तर ती द्यायची असते.

व्हीलचेअर, कुबड्या, कॅलिपर

केंद्राची एडिप योजना अशा साधनांसाठी आहे. कॅलिपर म्हणजे कमजोर पायाला बाहेरून आधार देणारा सांगाडा. दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवं. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, त्यापुढे ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. इथे एक चूक वारंवार होते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला वार्षिक असतो, तो पाहून ‘आमचं दोन लाख चाळीस हजार आहे, आम्हाला मिळणार नाही’ म्हणून लोक शिबिराला जातच नाहीत. हिशेब करून बघा: मासिक २२,५०० म्हणजे वर्षाला २,७०,०००, आणि ३०,००० म्हणजे ३,६०,०००. अवलंबून असलेल्या मुलासाठी पालकांचं उत्पन्न धरतात.

उत्पन्नाच्या दाखल्यावर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. फेब्रुवारीत काढलेला दाखला वर्षभर चालेल असं गृहीत धरू नका, एप्रिलमधल्या शिबिरात तो घेत नाहीत.

त्याच कारणासाठी मागच्या तीन वर्षांत साधन घेतलेलं नसावं, अशीही अट आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना ही मुदत एकच वर्ष आहे, कारण मूल वाढतं. ही सूट पालकांना कुणी सांगत नाही, आणि पोरं लहान पडलेल्या कॅलिपरमध्ये पाय कोंबून चालत राहतात.

मोजमापाचं शिबिर वेगळं आणि वाटपाचं वेगळं असतं. मोजमापाला व्यक्तीला स्वतः न्या. नुसते कागद घेऊन गेलात तर सरासरी मापाची खुर्ची मिळेल. रुंद खुर्चीत खांदे ताणले जातात आणि चाकं ढकलणं हाच ज्याचा व्यायाम, त्याचे खांदे दुखावतात. शिबिरात साधारणपणे रोजच्या वापराची खुर्ची मिळते. बास्केटबॉलची, तिरप्या चाकांची खुर्ची तिथून मिळेल या आशेवर राहू नका.

गावात, वॉर्डात सोय करून घ्यायची असेल तर

ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषद यांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवायचा असतो. वैयक्तिक मदतीसाठी लोक अर्ज करतात, सामूहिक सोयीसाठी फारसं कुणी मागत नाही. गावोगावी खुल्या व्यायामशाळा झाल्या आहेत, पण त्या बऱ्याचदा चिखलात किंवा उंच ओट्यावर असतात, आणि खुर्चीत बसून हातांनी फिरवायचं एकही यंत्र तिथे नसतं. रॅम्प, कठडा, सपाट फरशी, हाताने चालवायचं एखादं यंत्र एवढं मागा. आधी गावच्या दिव्यांग नोंदवहीत आपलं नाव आहे का ते बघा. अर्ज आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर निधी संपल्याचं उत्तर मिळतं. ग्रामसभेत विषय मांडून ठरावात लिहून घेतला तर पाठपुरावा सोपा जातो.

स्पर्धेत उतरायचं असेल तर

कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण पॅरालिम्पिक खेळांसाठी दहाच प्रकारची कमतरता पात्र धरतात: आठ शारीरिक, एक दृष्टीची, एक बौद्धिक. त्यामुळे यूडीआयडी कार्ड आहे म्हणून पॅरा स्पर्धेत प्रवेश मिळेलच असं नाही. मुलाने वर्षभर सराव केल्यावर हे कळणं फार वाईट, म्हणून आधीच सांगतो. कर्णबधिर खेळाडूंसाठी डेफलिम्पिक्सची वेगळी वाट आहे. बौद्धिक दिव्यांगांसाठी स्पेशल ऑलिम्पिक्स भारत आहे, आणि तिथे आठ वर्षांपासून स्पर्धेत उतरता येतं.

कार्डावरचे टक्के आणि खेळातला वर्ग यांचाही संबंध नाही. पॅरिसला २०२४ मध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवणारे सांगली जिल्ह्यातले सचिन खिलारी एफ ४६ या वर्गात खेळतात. तो वर्ग हाताच्या कमतरतेवरून ठरतो, कार्डावरच्या आकड्यावरून नाही. वर्गीकरण करणारे वेगळे तज्ज्ञ असतात. त्यांच्यापुढे एमआरआय, एक्स-रे, डोळ्यांचा अहवाल असे मूळ निदानाचे कागद लागतात. तेव्हा प्रमाणपत्र मिळालं म्हणून जुनी फाइल रद्दीत घालू नका.

नकार मिळाला तर

तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. अर्ज दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. नकाराचं कारण लेखी मागा. नुसतं लेखी मागितल्यावरही कितीतरी ठिकाणी अर्ज पुढे सरकतो. टक्केवारीचा निर्णय पटला नसेल तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. प्रवेश नाकारल्याची, रॅम्प नसल्याची किंवा मदतनिसाला आत न सोडल्याची तक्रार पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. तक्रारीला कार्डाची प्रत, शिक्का मारलेला अर्ज, डॉक्टरांचा दाखला आणि लेखी नकार जोडा. लेखी नकार मिळालाच नसेल, तर कोणत्या तारखेला, कोणत्या खिडकीवर, काय सांगितलं गेलं ते त्याच दिवशी घरी जाऊन कागदावर लिहून ठेवा आणि सोबत कोण होतं त्याची सही घ्या.