हजेरीपटावरचे वैविध्य आणि कामातले समावेशन

कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत ‘वैविध्य आणि समावेशन’ हे दोन शब्द इतक्या सवयीने जोडून लिहिले जातात की वाचणाऱ्याला ती एकाच गोष्टीची दोन नावे वाटू लागतात. बोलताना तर ‘डी अँड आय’ (डायव्हर्सिटी अँड इन्क्लूजन) एवढेच म्हटले जाते. मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि कंपनीच्या कामगिरीशी त्यांचा असलेला संबंधही सारखा नाही. हा भेद न केल्यामुळे ‘स्त्रियांची संख्या वाढवली की नफा वाढतो’ असे सोपे विधान केले जाते, आणि नफा वाढला नाही की संख्या वाढवण्याचा प्रयत्नच व्यर्थ होता, असा तितकाच चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

वैविध्य हे रचनेचे वर्णन आहे. एखाद्या दिवशी कंपनीच्या हजेरीपटावर कोणकोण आहे, स्त्रिया किती, दिव्यांग किती, कोणत्या वयाची, भाषेची, प्रदेशाची, सामाजिक थरांतली माणसे किती, याचे उत्तर म्हणजे वैविध्य. समावेशन हे त्या माणसांच्या रोजच्या कामाचे वर्णन आहे. कामाची माहिती त्यांच्यापर्यंत वेळेत पोचते का, अवघड आणि शिकवणारे काम त्यांच्या वाट्याला येते का, निर्णय होण्याआधी त्यांना विचारले जाते का, बढतीच्या यादीत त्यांचे नाव येते का, हे प्रश्न समावेशनाचे आहेत. वैविध्य मुख्यतः भरतीतून येते. समावेशन मात्र पाळ्यांची आखणी, प्रशिक्षण, मूल्यमापन, रजा आणि तक्रार निवारण यांतून घडते, आणि त्यातला मोठा भाग एचआर विभागापेक्षा लाइनवरच्या सुपरवायझरच्या हाती असतो.

समजा, चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ३१ मार्चला २०० कर्मचारी आहेत आणि त्यांत ५० स्त्रिया आहेत. पुढच्या ३१ मार्चलाही २०० पैकी ५० स्त्रियाच आहेत. स्त्रियांचे प्रमाण २५ टक्के, जसेच्या तसे. मधल्या बारा महिन्यांत २० जणींनी राजीनामे दिले आणि त्यांच्या जागी २० नव्या जणी रुजू झाल्या असतील, तर या आकड्यात त्याचा मागमूसही राहत नाही. दुसरी पाळी सुटल्यावर घरापर्यंत सोडणारी बस नसेल, यंत्र चालवायला शिकवण्याऐवजी मुलींना कायम तपासणी आणि पॅकिंगवर बसवले जात असेल, बाळंतपणानंतर परतलेल्या बाईला तिचे आधीचे काम मिळत नसेल, तर ती निघून जाते. तिच्या जागी आलेल्या मुलीला काम शिकवण्यात पुन्हा काही महिने जातात, त्या काळात सदोष माल जास्त निघतो आणि जुन्या कामगारांचा वेळ शिकवण्यात जातो. हा सगळा खर्च कंपनीच सोसते. नफा-तोटा पत्रकात त्यासाठी वेगळी ओळ नसल्यामुळे तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, इतकेच.

कायद्याच्या वाटचालीतही हा भेद स्पष्ट दिसतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदणी असलेल्या आणि ठरावीक आकाराच्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असणे बंधनकारक केले. अनेक कंपन्यांनी प्रवर्तकांच्या घरातील स्त्रीची नेमणूक करून ही अट पूर्ण केली. त्या स्त्रिया अपात्र होत्या असे म्हणण्याचे कारण नाही, पण ज्या घराण्याचा शब्द मंडळावर आधीपासूनच चालत होता त्यात एका वेगळ्या मताची भर पडली, असेही म्हणता येत नाही. पुढे शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना किमान एक स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तकांशी नाते किंवा हितसंबंध नसलेली, स्त्री संचालक नेमण्यास सांगितले. ही अट १ एप्रिल २०१९ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० आणि १ एप्रिल २०२० पासून पहिल्या १,००० कंपन्यांना लागू झाली. ‘स्वतंत्र’ या एका शब्दाने नियम मोजणीकडून समावेशनाकडे एक पाऊल सरकला.

पाळणाघराचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. १९४८ च्या कारखाना कायद्यात ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तेथे पाळणाघराची सक्ती होती, म्हणजे स्त्रियांची संख्या वाढली की मालकाचा खर्च वाढणार. अशा अटीमुळे भरतीच्या वेळीच हात आखडता घेण्याचे कारण मिळते. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आवश्यक केले. येथे मोजणी सर्व कर्मचाऱ्यांची आहे, त्यामुळे आणखी एक स्त्री घेतल्याने पाळणाघराचा बोजा नव्याने येत नाही.

आता कामगिरीचा प्रश्न. मॅकिन्झी या सल्लागार संस्थेने २०१५ पासून प्रसिद्ध केलेल्या अहवालांत वैविध्यपूर्ण नेतृत्व असलेल्या कंपन्या सरासरीहून जास्त नफ्यात असण्याची शक्यता अधिक असल्याचे म्हटले आणि ते आकडे जगभर उद्धृत झाले. २०२४ मध्ये जेरेमाया ग्रीन आणि जॉन हँड या संशोधकांनी अमेरिकेतील एस अँड पी ५०० या निर्देशांकातल्या मोठ्या कंपन्यांची माहिती घेऊन वांशिक वैविध्याबाबतचा निष्कर्ष तपासला, तेव्हा त्यांना तसा संबंध आढळला नाही. शिवाय नफ्यातल्या कंपनीला चांगली भरती करणे परवडते, त्यामुळे यांतले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हेही अशा तुलनेतून ठरत नाही. त्याआधी, २००३ मध्ये, थॉमस कोचन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार मोठ्या कंपन्यांचा आतून अभ्यास केला होता. वंश किंवा लिंग यांतील वैविध्याचा कामगिरीवर थेट परिणाम, चांगला असो वा वाईट, त्यांना फारसा दिसला नाही; परिस्थिती आणि गटांतील कामाची पद्धत यांवर बरेच अवलंबून होते. लिसा निशी यांनी २०१३ मध्ये एका मोठ्या जैववैद्यकीय कंपनीच्या १०० विभागांवरचा अभ्यास मांडला. स्त्री-पुरुष मिश्र असलेल्या ज्या विभागांत समावेशनाचे वातावरण चांगले होते, तेथे मिश्र रचनेतून उद्भवणारा संघर्ष कमी होता. माझ्या मते या वादातला कळीचा मुद्दा हाच आहे. वेगळी माणसे एकत्र आली की वेगळी माहिती येते आणि मतभेदही येतात. त्यांतले काय वाढेल, हे व्यवस्थापन ठरवते.

उलट बाजूही लक्षात घ्यावी लागते. सगळे एकाच महाविद्यालयाचे, एकाच भागातले, एकच भाषा बोलणारे असतील, तर ‘तुमचे मत ऐकले जाते का’ या प्रश्नाला तेथे उत्तम गुण मिळतील. समावेशनाची खरी परीक्षा वैविध्य असेल तेथेच होते, म्हणून संख्येला कमी लेखणे मला मान्य नाही.

हा भेद वाचकाला स्वतः तपासता येतो. सेबीच्या आदेशानुसार २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना ‘बीआरएसआर’ हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांविषयीचा अहवाल देणे बंधनकारक झाले. त्याच्या सुरुवातीच्या तक्त्यांत स्त्रिया आणि दिव्यांग यांची संख्या असते. कायम आणि कायम नसलेले कर्मचारी वेगळे दाखवलेले असतात, त्यामुळे वाढलेली संख्या कोणत्या बाजूची आहे हे तेथेच कळते. भाषा किंवा जात यांचे रकाने या तक्त्यांत नाहीत, ही मोठी उणीव आहे. पुढे नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण स्त्री-पुरुषनिहाय, मागील दोन वर्षांसह, दिलेले असते. आणखी पुढे पालकत्व रजेनंतर कामावर परतलेल्यांचे प्रमाण असते आणि त्याला लागूनच, परतल्यानंतर बारा महिन्यांनीही नोकरीत असलेल्यांचे. पहिला आकडा ९५ आणि दुसरा ६० असेल, तर त्या बारा महिन्यांत त्या विभागांत काय घडले, हा प्रश्न भागधारकाने वार्षिक सभेत विचारण्याजोगा आहे.