तळं आटणं आणि विहीर आटणं, एकच का?

एप्रिल-मे आला की सगळीकडे एकच वाक्य, ऊन वाढलं म्हणून पाणी आटलं. तळ्याच्या बाबतीत ते बरोबर आहे. भर उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला साधारण ८-१० मिलिमीटर पाण्याची वाफ होते, म्हणजे शेततळ्याला कोणी हात नाही लावला तरी महिन्याला पाऊण-एक फूट खाली जाणारच.

पण हाच हिशोब विहिरीला लावला की गणित चुकतं. विहिरीचं तोंड लहान, आत सावली, वारा नाही, तिथनं वाफ होऊन होऊन किती होणार? आणि खडकातलं पाणी आठ-दहा मीटर खोल असेल तर तिथवर उन्हाची धग पोचतच नाही, म्हणून तर ते मे महिन्यात गार लागतं आणि थंडीत कोमट. तरी पातळी भराभर उतरते, कारण उन्हाने पिकाची तहान वाढते, मग आपण मोटर जास्त वेळ चालवतो, बांधावरची मोठी झाडं मुळांनी ओढतात ते वेगळंच. ऊन विहिरीपर्यंत पोचतं ते बहुतेक मोटरच्या वाटेने.

यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो खडक. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग बेसाल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर आहे आणि त्यातनं उपसता येईल असं पाणी मुरूम-भेगा धरून खडकाच्या एकूण आकारमानाच्या जेमतेम १ ते ३ टक्के. २ टक्के धरा, तर शिवारभर ५ सेंटिमीटर उंचीचं पाणी उपसलं की भूजल पातळी अडीच मीटर खाली! तळ्यातनं तेवढंच काढलं तर तळं ५ सेंटिमीटरच उतरतं. उलट मोटर बंद ठेवली तर विहीर रात्रीतनं थोडी का होईना भरून येते, तळ्याचं तसं नाही.

आता ओढा. पाऊस थांबल्यावर दिवाळीपर्यंत, कुठे संक्रांतीपर्यंत वाहतो ते पाणी आजूबाजूच्या जमिनीतनं पाझरून आलेलं असतं, भूजल पातळी पात्राच्या वर आहे तोवर. ती पात्राखाली गेली की पाझर बंद आणि मग उलटंच सुरू होतं, धरणातनं सोडलेलं पाणी वाळूतच जिरायला लागतं. म्हणून तुमचा ओढा डिसेंबरातच कोरडा पडायला लागला असेल तर उन्हाकडे बोट दाखवू नका, तेव्हा ऊन तापलेलंच नसतं, शेजारच्या चार विहिरींत दोरी सोडून पातळी मोजा.