हीटर प्लगची तक्रार असेल तर गाडी थंड आणा

थंडी सुरू झाली की रोज तोच फोन येतो: सकाळी सेल्फ खूप मारावा लागतो, पांढरा धूर येतो, मिनिटभर इंजिन थरथरतं, नंतर काही नाही. ही लक्षणं हीटर प्लगच्या, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू व्हावं म्हणून ते आतून तापवणाऱ्या प्लगच्या, बिघाडाची असू शकतात. पण गारगोटी किंवा गगनबावड्याहून लांबचा पल्ला पळून आलेल्या गाडीत ती दिसत नाहीत. गरम इंजिनला हीटर प्लग लागतच नाही, दोन प्लग मेलेले असले तरी सेल्फ मारताच ते चालू होतं.

म्हणून आम्ही गाडी आदल्या संध्याकाळी ठेवून घेतो. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. पण दोष प्लगचा, बॅटरीचा की डिझेल लाईनमध्ये हवा शिरल्याचा, हे सकाळच्या पहिल्या सेल्फलाच कळतं. अंदाजाने चारही प्लग बदलले आणि दोष बॅटरीत निघाला, तर खर्च तुमचाच.

डॅशबोर्डवरच्या दिव्यावर भरवसा ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत तो ठरलेल्या वेळी विझतो, प्लग तापला की नाही हे तो सांगत नाही.

घरी मल्टीमीटर असेल तर इग्निशन बंद करून प्लगच्या वायरी, किंवा सगळे प्लग जोडणारी पट्टी, आधी काढा. पट्टी तशीच ठेवली तर बाकीच्या प्लगमधून करंट फिरतो आणि मेलेला प्लगही चांगला दिसतो. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा नंतर वजा करा. एक पिन प्लगच्या टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला. १२ व्होल्टच्या साध्या प्लगला साधारण ०.५ ते २ ओहम यायला हवेत. आकडाच आला नाही तर आतली तार तुटली. सगळे प्लग चांगले निघाले तर रिले (प्लगला करंट सोडणारा स्विच) आणि फ्यूज बघायचा. बॅटरीची वायर थेट लावून प्लग लाल होतो का, हे मात्र कधीच बघू नका. नव्या गाड्यांतले बरेच प्लग कमी व्होल्टचे असतात, १२ व्होल्टवर लगेच जळतात.

प्लग खोलायचं काम आमच्यावर सोडा. गंजलेला प्लग जोर लावला की इंजिनच्या हेडमध्येच (वरच्या भागात) तुटू शकतो आणि मग बऱ्याचदा हेड उतरवावं लागतं. आम्ही प्लगच्या आट्यांवर रात्रभर ऑईल सोडून ठेवतो, इंजिन गरम करून हळूहळू फिरवतो. टोक वितळलेलं निघालं तर नवा प्लग बसवण्याआधी डिझेल फवारणारा नोझल तपासतो, नाहीतर नवाही तसाच जातो.

संध्याकाळी गाडी सोडा. सकाळी तुमच्यासमोर सेल्फ मारू आणि काढलेले प्लग तुमच्या हातात देऊ.