हेज-लेइंग आणि प्लीचिंग: दिसायला विणकामच, पण काम वेगळं

इंग्लंडमधली जिवंत कुंपणं पाहताना ‘फांद्या विणून केलेली भिंत’ एवढ्या वर्णनाखाली दोन अगदी वेगळी कामं एकत्र केली जातात. हेज-लेइंग हे शेताच्या बांधावरचं काम, तर प्लीचिंग बागेतलं.

हॉथॉर्न किंवा ब्लॅकथॉर्नची काटेरी ओळ नुसती वाढू दिली की ती उंच होते आणि बुंध्याशी विरळ पडते. मेंढ्या मग खालून आरपार जातात. म्हणून हेज-लेइंग करताना हिवाळ्यात, पानं झडल्यावर, बिलहुक नावाच्या कोयत्याने प्रत्येक खोडावर जमिनीलगत तिरपा घाव घालतात. खोड जवळजवळ तुटतंच. उरते ती साल आणि आतल्या कोवळ्या लाकडाची पातळ पट्टी. तेवढ्यावर ते आडवं कलवतात, साधारण दीड-दीड फुटावर ठोकलेल्या खुंटांमधून ओवतात आणि वरच्या कडेला हेझलच्या फोकांची वेणी घालतात. बघणाऱ्याला वाटतं, झाड मारलं! पण पट्टीतून रस चालू राहतो, आणि वसंतात बुडख्यातून नवे कोंब सरळ वर येतात. पुढचं दाट कुंपण त्यांचंच. म्हणून बुडखा नीट तासणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वर ढलपा उभा राहिला की कोंबही वरूनच फुटतात आणि पायथा उघडाच राहतो.

ही युक्ती फार जुनी आहे. इ.स.पू. 57 मध्ये आजच्या बेल्जियमच्या भागातल्या नर्व्ही जमातीशी लढताना ज्युलिअस सीझरला अशीच कुंपणं भेटली: कोवळी झाडं कापून वाकवलेली, मध्ये काटेरी झुडपं, आरपार नजरही जाणार नाही इतकी दाट.

प्लीचिंगमध्ये खोडाला धक्का लावत नाहीत. लिंडन किंवा हॉर्नबीम ओळीत लावून बुंधा डोक्याच्या उंचीपर्यंत मोकळा ठेवतात. वर बांबू-तारांच्या चौकटीवर फांद्या आडव्या बांधून शेजारच्या झाडाच्या फांद्यांत गुंफतात. घासून साल गेली की त्या एकजीव होतात, वडाच्या पारंब्या एकमेकींत मिसळतात तशा. ग्लॉस्टरशरमधल्या हिडकोट बागेत अशा हॉर्नबीमच्या रांगा आहेत. चौकट कमानीची केली की त्याच फांद्यांचा मांडव होतो; नेदरलँड्समधल्या हेट लो राजवाड्यात राणीच्या बागेत असे हिरवे बोगदे आहेत.

प्लीचिंगला दरवर्षी छाटणी लागते आणि बांधलेले दोर सालीत रुतण्याआधी सैल करावे लागतात. हेज-लेइंगने घातलेलं कुंपण मात्र वरवर छाटत राहिलं तर कित्येक वर्षं पुन्हा घालावं लागत नाही. शेजाऱ्याची खिडकी झाकायची असेल तर प्लीचिंग उत्तम, मेंढ्या अडवायला त्याचा काहीही उपयोग नाही.