डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३

लोकांची वैयक्तिक माहिती डिजिटल स्वरूपात गोळा करणाऱ्या, साठवणाऱ्या आणि वापरणाऱ्या संस्थांवर बंधने घालणारा भारताचा पहिला स्वतंत्र कायदा. लोकसभेने तो ७ ऑगस्ट २०२३ रोजी आणि राज्यसभेने ९ ऑगस्टला मंजूर केला. ११ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळून तो त्या वर्षाचा २२ वा अधिनियम झाला. तो राबवण्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले; मुख्य तरतुदी मात्र मे २०२७ मध्ये लागू होतात. कलमे अवघी ४४. पण दुकानात मोबाइल क्रमांक सांगून बिल घेणारा, ॲपवरून औषधे मागवणारा, मुलांच्या शाळेची सूचना फोनवर वाचणारा असा प्रत्येक जण त्याच्या कक्षेत येतो. डेटा या शब्दाला काही मराठी लेखक ‘विदा’ म्हणतात; येथे रुळलेला ‘डेटा’ आणि साधा ‘माहिती’ हे दोन्ही शब्द वापरले आहेत.

विश्वस्त हा शब्द

कायद्याचा सगळा भार एका शब्दावर आहे. माहिती कशासाठी व कशी वापरायची हे जो ठरवतो, त्याला कायदा ‘डेटा फिड्युशिअरी’ म्हणतो. फिड्युशिअरी म्हणजे विश्वस्त. देवस्थानाचे विश्वस्त, शिक्षणसंस्थेचे विश्वस्त आपल्याला चांगले ठाऊक आहेत: कारभार त्यांच्या हाती असतो, मालकी नसते. तिजोरीच्या किल्ल्या जवळ आहेत म्हणून आतले दागिने विश्वस्ताचे होत नाहीत. त्याच न्यायाने तुमचा पत्ता, जन्मतारीख, खरेदीचा इतिहास, आजारपणाची नोंद ही कंपनीकडे ठेवलेली ठेव ठरते. ज्या व्यक्तीची ती माहिती, तिला कायद्यात ‘डेटा प्रिन्सिपल’ हे नाव आहे. इंग्रजी संहितेत कोणत्याही व्यक्तीसाठी स्त्रीलिंगी सर्वनाम योजले आहे. भारतीय कायद्यात असे प्रथमच झाले, असे सरकारने विधेयक मांडताना सांगितले होते.

कंपनी आणि ग्राहक यांचे बळ सारखे नसते, म्हणून त्यांच्यातले नाते विश्वस्ताचे मानावे, हा विचार या कायद्याच्या मसुद्यासाठी नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या अहवालातून आला. कायदा या शब्दाला कुठे जागतो आणि कुठे जागत नाही, यावरच सामान्य माणसाच्या पदरात काय पडते ते ठरते.

पार्श्वभूमी

राज्यघटनेत खासगीपणाचा हक्क नावाने कुठेही लिहिलेला नाही. १९५४ मध्ये आठ न्यायाधीशांच्या आणि १९६२ मध्ये सहा न्यायाधीशांच्या पीठाने तो मूलभूत हक्क मानायला नकार दिला होता. यातला दुसरा खटला खरक सिंग यांचा. पोलीस रात्री-अपरात्री घरी येऊन पाहणी करत, त्याविरुद्ध ते न्यायालयात गेले होते. आधारच्या सक्तीला कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आव्हान दिले, तेव्हा हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. मुख्य निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क नाकारणारा १९७६ चा एडीएम जबलपूर निकालही त्यांनी त्यात चुकीचा ठरवला. त्या निकालात बहुमताबरोबर राहिलेल्या न्यायाधीशांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. मुलाने वडिलांचा निकाल भर न्यायालयात दुरुस्त केला, ही घटना भारतीय न्यायव्यवस्थेबद्दल बरेच काही सांगते.

श्रीकृष्ण समिती त्याआधीच, जुलै २०१७ च्या अखेरीस नेमली गेली होती. मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या या न्यायमूर्तींनी जुलै २०१८ मध्ये अहवाल आणि मसुदा दिला. सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये मांडलेले विधेयक मात्र वेगळे होते. सरकारी यंत्रणांना त्यात दिलेल्या मोकळिकीवर खुद्द श्रीकृष्ण यांनी जाहीर टीका केली. ते विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले, ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि वर्षभराने आजचा आटोपशीर कायदा आला.

काय कक्षेत येते, काय नाही

कायदा फक्त डिजिटल माहितीला लागू आहे. कागदावर घेऊन नंतर संगणकात भरलेली माहितीही त्यात धरली आहे. सोसायटीच्या फाटकावर रखवालदाराने पाहुण्यांची नावे वहीत लिहिली तर ती वही बाहेर राहते. तीच नोंद फाटकावरच्या ॲपमध्ये छायाचित्रासह झाली की कायदा लागू होतो, आणि ती नोंद कशासाठी ठेवायची हे ठरवणारी सोसायटी विश्वस्त ठरते. मोठ्या कंपन्यांपुरतेच हे आहे असा समज पसरला आहे, तो चुकीचा आहे. पतसंस्था, खासगी शिकवणी, डॉक्टरांचा दवाखाना, मंगल कार्यालय हे सगळे यात येतात. लहान उद्योगांना काही कलमांतून सूट देण्याचा अधिकार मात्र केंद्र सरकारकडे आहे. घरगुती कामासाठी माणसाने स्वतःजवळ ठेवलेली माहिती आणि एखाद्याने स्वतःहून जाहीर केलेली माहिती यांना कायदा शिवत नाही. भारतातल्या लोकांना वस्तू किंवा सेवा देणारी परदेशी कंपनी देशाबाहेर बसून माहिती हाताळत असली तरी सुटत नाही.

संमती

संमती मोकळेपणाने, ठरावीक कामासाठी, समजून-उमजून, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी, असे कायदा म्हणतो. आधीच टिक करून ठेवलेला चौकोन संमती मानला जाऊ शकत नाही. कोणती माहिती घेतली जाते आणि कशासाठी, हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. म्हणजे मराठीतही आणि कोकणीतही. ही तरतूद फारशी चर्चेत आली नाही, पण मला ती फार मोलाची वाटते. ज्या आजीने आयुष्यभर मराठीतच वाचले, तिने चाळीस पानी इंग्रजी मजकुराखाली बोट टेकवले तर त्याला समजून दिलेली संमती कसे म्हणायचे? अर्थात बोजड, शासकीय छापाच्या मराठीत सूचना आली तर तिची अडचण तशीच राहील. सूचना साध्या, सोप्या भाषेत असावी असेही कायद्यात आहे, त्यावर आपण अडून बसले पाहिजे.

कामापुरतीच माहिती, हे यातले दुसरे सूत्र. कायद्यातच एक उदाहरण आहे: फोनवरून वैद्यकीय सल्ला देणारे ॲप फोनमधल्या संपर्कांची यादीही मागते आणि माणूस दोन्हीला होकार देतो. सल्ल्यासाठी त्या यादीची गरज नाही, म्हणून तो होकार सल्ल्यापुरताच धरला जाईल. संमती काढून घेणे ती देण्याइतकेच सोपे हवे. एका टिचकीत ‘हो’ आणि ‘नाही’साठी सात पडदे ओलांडून ईमेल, ही रीत चालणार नाही. संमती घेतली होती हे वाद झाल्यास विश्वस्ताने सिद्ध करायचे आहे, ग्राहकाने नव्हे. कायद्यापूर्वी दिलेल्या संमतींबाबतही अशीच सूचना नव्याने पाठवावी लागेल. पण माणसाने नकार कळवेपर्यंत जुना वापर चालू राहू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

बिलासाठी मोबाइल क्रमांक हा रोजचा प्रसंग. काही ‘वैध वापरां’साठी वेगळी संमती लागत नाही; माणसाने एखाद्या कामासाठी आपणहून माहिती दिली, तर त्या कामापुरता वापर चालतो. औषधाच्या दुकानात पावती फोनवर मागवली, तर पावती पाठवण्यासाठी क्रमांक वापरता येईल. त्याच क्रमांकावर पुढे दिवाळीच्या सवलतींचा मारा करायला ही मुभा पुरत नाही. क्रमांक दिल्याशिवाय माल देणार नाही, असा हट्ट दुकानदाराने धरू नये, हे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच सांगितले होते.

हक्क

आपली कोणती माहिती आहे, तिचे काय केले जाते आणि ती आणखी कोणाला दिली, हे विचारता येते. चुकीची असेल तर दुरुस्त करून घेता येते. काम संपले असेल तर पुसायला सांगता येते. दुसऱ्या कायद्याने जपणे भाग असेल तर मात्र नाही. बँका खाते बंद झाल्यावरही ग्राहकाच्या ओळखीची कागदपत्रे पाच वर्षे ठेवतात, ती पैशाच्या अफरातफरीविरुद्धच्या कायद्यामुळे. दोन कोटींहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या ई-व्यापार व समाजमाध्यम कंपन्यांनी आणि पन्नास लाखांहून अधिक असलेल्या ऑनलाइन खेळांच्या कंपन्यांनी, तीन वर्षे न फिरकलेल्या माणसाची माहिती पुसावी, आणि पुसण्याआधी किमान ४८ तास कळवावे, असे नियम सांगतात.

नामनिर्देशनाचा हक्क भारतीय कायद्याचे वेगळेपण आहे. बँकेत वारसाचे नाव लावतो तसे, आपल्या मृत्यूनंतर किंवा आपण असमर्थ झाल्यावर हे हक्क कोणी बजावायचे ते आधी नेमून ठेवता येते. गेलेल्या माणसाच्या बंद खात्यात अडकलेले फोटो आणि पत्रे पाहून हतबल झालेली घरे आता थोडी नाहीत.

अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांचा माग काढणे व त्यांना उद्देशून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे. शाळा, पाळणाघरे, दवाखाने यांना कामापुरती सूट आहे. युरोपात ही वयोमर्यादा १६ असून देशांना ती १३ पर्यंत खाली आणता येते. कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या सतरा वर्षांच्या मुलीला प्रत्येक खात्यासाठी आई-वडिलांकडे पाहायला लावणे मला जाचक वाटते.

माहिती फुटली तर

माहिती फुटल्यास संबंधित प्रत्येक व्यक्तीला विनाविलंब आणि तक्रारी ऐकून दंड करणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशीलवार कळवणे बंधनकारक आहे. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत, न कळवल्याबद्दल आणि मुलांसंबंधीची कलमे मोडल्याबद्दल प्रत्येकी २०० कोटींपर्यंत दंड आहे. आकडे जबर आहेत. पण दंडाची सगळी रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होते. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती त्यातला एक रुपयाही येत नाही.

अजून लागू असलेल्या जुन्या तरतुदीत असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४३-अ नुसार, निष्काळजी कंपनीकडून पीडिताला भरपाई मागता येते आणि पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव ऐकतात. फसवणुकीने खात्यातून पैसे गेलेल्या पुण्यातील एका उद्योगाला बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश महाराष्ट्राच्या सचिवांनी २०१३ मध्ये दिला होता. नव्या कायद्याच्या मुख्य तरतुदी लागू होताच कलम ४३-अ रद्द होते. मंडळाच्या कक्षेतील बाबींवर दिवाणी न्यायालयातही जाता येत नाही. ठेव बुडाली, विश्वस्ताला दंड झाला, पण ठेवीदाराला काहीच मिळाले नाही, असा हा प्रकार आहे. उलट, खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करणाऱ्या नागरिकालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सरकार आणि माहितीचा अधिकार

देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी कोणतीही सरकारी यंत्रणा या कायद्यातून पूर्णपणे वगळण्याचा अधिकार केंद्राला आहे, आणि मंडळाचे सदस्यही केंद्रच नेमते. नागरिकांची सर्वाधिक माहिती ज्याच्याकडे आहे, तोच विश्वस्त स्वतःला सूट देऊ शकतो.

याहून खोल परिणाम माहितीच्या अधिकारावर झाला. २००५ च्या कायद्यातील कलम ८(१)(ञ) नुसार, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती नाकारता येई, पण व्यापक जनहित असेल तर ती द्यावी असे त्या कलमातच होते. नव्या दुरुस्तीने तिथे केवळ ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच उरले. जनहित जास्त असेल तर माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये अजून आहे, तरी नाकारणे आता अधिकाऱ्याला कितीतरी सोपे झाले. माहिती अधिकाराचा कायदा होण्यासाठी अण्णा हजारे यांनी उपोषणे केलेल्या आणि केंद्राच्या आधी स्वतःचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला याची झळ नेमकी कळते. रोजगार हमीच्या हजेरीपत्रकातील नावे तपासूनच खोटे मजूर सापडतात. खासगीपणाच्या नावाने ती नावेच झाकली, तर फायदा मजुराचा होत नाही.

युरोपशी नाते

युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जीडीपीआर हा नियम २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात दंड जागतिक उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत जातो, भरपाई मागता येते आणि आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्कही आहे. भारतात तो नाही. जर्मनी किंवा आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला तिथे हे संरक्षण मिळते. परदेशी लोकांची माहिती कराराने हाताळणाऱ्या पुण्या-मुंबईतील कंपन्यांना भारतीय कायद्याच्या बहुतेक कलमांतून सूट आहे, मात्र त्यांचे युरोपीय ग्राहक करारातून तिकडचे नियम पाळायला लावतात. त्यामुळे एकच अभियंता दिवसभर जर्मन ग्राहकाची माहिती काटेकोरपणे जपतो आणि संध्याकाळी घरी येताना स्वतःचा क्रमांक तीन दुकानांत देऊन येतो.

अंमलबजावणी

मंडळाची स्थापना आणि माहिती अधिकारातील दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासूनच अमलात आली. संमती सांभाळणाऱ्या मध्यस्थ संस्थांची नोंदणी त्यानंतर वर्षाने. संमती, हक्क, मुलांचे संरक्षण, माहिती फुटल्यास कळवणे या मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत असल्याने नियमांतील वेळापत्रकाप्रमाणे त्या मे २०२७ मध्ये लागू होतात. कलम ४३-अ तोवर टिकून आहे. त्यानंतर तक्रार आधी कंपनीकडे करायची, तिने जास्तीत जास्त ९० दिवसांत उत्तर द्यायचे, मग ऑनलाइन पद्धतीने मंडळाकडे, आणि मंडळाच्या आदेशावर ६० दिवसांत दूरसंचार विवाद अपील न्यायाधिकरणाकडे. खात्यातून पैसे गेले असतील तर या वाटेने जाऊ नये; त्यासाठी १९३० हा क्रमांक आहे आणि तो लगेच, पहिल्या तासाभरातच फिरवावा. नकोशा जाहिरातींचे फोन व संदेश थांबवण्यासाठी १९०९ आहे.